सिमेंटचें बदक आणि औचित्यविचार

कमरेची मेखला छातीवर बांधली तर शोभा येत नाहीं, हंसें मात्र होतें, असें भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत सांगून ठेविलें आहे. आणि क्षेमेंद्रानें तर औचित्य हेंच रससिद्ध काव्याचें जीवित मानिलें. अमेरिकेंतील लांबच लांब मोटाररस्त्यांच्या कडेला जीं कांहीं विलक्षण बांधकामें उभीं आहेत, तीं या कसोटीस लावलीं तर पहिल्याच परीक्षेंत नापास व्हावयाचीं. घराएवढें बदक, माणसाहून उंच सुतळीचा गुंडा, शेतांत डोकें खुपसून उभ्या राहिलेल्या मोटारी! मुलांना भेटण्याच्या निमित्तानें तिकडे गेलेली आपल्यांतील पुष्कळ मंडळी लांबच्या प्रवासांत अशीं स्थळें पाहते, छायाचित्रें काढते, आणि ‘गंमत आहे’ एवढें म्हणून पुढें जाते. आमच्या मतें या गमतीचा थोडा अधिक आस्थेनें विचार होणें अवश्य आहे.

प्रथम बदकाचेंच घेऊं. न्यूयॉर्क राज्यांतील लाँग आयलंडवर बदकें पाळणाऱ्या एका शेतकऱ्यानें १९३१ सालीं बदकें व अंडीं विकण्यासाठीं खुद्द बदकाच्याच आकाराचें सिमेंटचें दुकान बांधविलें. उंची सुमारें २० फूट, आणि डोळ्यांच्या जागीं फोर्ड मोटारीचे मागचे दिवे! पीटर ब्लेक या वास्तुटीकाकारानें देशाच्या विद्रूपीकरणावर १९६४ सालीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत हें बदक वाईट अभिरुचीचा मासला म्हणून दाखविलें. पुढें १९७२ सालीं रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन व स्टीव्हन आयझेनूर यांनीं ‘लर्निंग फ्रॉम लास व्हेगास’ या ग्रंथांत तोच मासला उचलून बाण उलट दिशेला सोडला. जी इमारत आपल्या आकारानें स्वतःच चिन्ह बनते तिला त्यांनीं ‘बदक’ हेंच नांव दिलें. आणि अलंकाराचा तिटकारा करणारे आधुनिक वास्तुकार अवघी इमारतच एक अलंकार करून टाकतात, म्हणजे नकळत बदकेंच बांधतात, असा टोला मारला. शेतकऱ्याचें बदक निदान आपण बदक आहों हें लपवीत तरी नाहीं!

शिवाय औचित्य हें स्थलसापेक्ष आहे. पायीं चालणारा वाटसरू पाटी वाचतो. भरधाव मोटारींतल्या माणसाला अक्षरें वाचावयास सवड कोठची? त्याला आकारच दिसावा लागतो. तेव्हां गांवांत जें बेंगरूळ दिसेल, तें रस्त्यावर समयोचित ठरतें.

तथापि उपयुक्ततेचा हा बचाव पुरेसा नाहीं. दक्षिण डाकोटांतील वॉल या लहानशा गांवीं टेड हस्टेड यानें १९३१ सालीं औषधांचें दुकान घेतलें. गिऱ्हाईक फिरकेना. १९३६ च्या उन्हाळ्यांत त्याच्या पत्नीनें, डोरोथीनें, रस्त्यावर ‘बर्फाचें पाणी फुकट’ अशा पाट्या लावण्याची युक्ति सुचविली, आणि दुकानाचें भाग्य उघडलें. पाणपोई घालणारा पुण्य जोडतो. या जोडप्यानें गिऱ्हाईक जोडलें. यांत चातुर्य आहे, सौजन्यही आहे, पण अद्भुत नाहीं. अद्भुताचा उगम हिशेब सुटतो तेथें होतो.

ओक्लाहोमांत, समुद्रापासून शेकडो मैल दूर, कॅटूसा येथील एका तळ्यांत ८० फुटी निळा देवमासा हंसत पहुडला आहे. ह्यू डेव्हिस या गृहस्थानें तो १९७० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून पत्नीसाठीं बांधला. कां, तर तिला देवमाशांच्या लहान लहान मूर्ति जमविण्याचा नाद होता! येथें अनौचित्याची परमावधि आहे, पण तिच्या पोटीं जी प्रीति आहे ती कळतांच हास्याचा सूर आपोआप मृदु होतो.

याहून मोठा प्रश्न उभा राहतो तो अशा वस्तूंच्या उत्तरायुष्याचा. टेक्ससमध्यें अमॅरिलोजवळ ‘अँट फार्म’ या कलावंतांच्या मंडळानें १९७४ सालीं दहा कॅडिलॅक मोटारी नाकावर जमिनींत पुरल्या. ऐश्वर्याच्या प्रतीकाचें हें दफन बुद्धिमान आहे यांत शंका नाहीं. प्रेक्षकही तेथें स्वस्थ राहत नाहींत. रंगाच्या फवाऱ्यानें मोटारींवर आपलें नांव लिहून जातात, आणि मागून येणारा त्यावर स्वतःचें लिहितो.

याच्या शेजारीं कॅन्सस राज्यांतील कॉकर सिटी या खेड्यांतला घायपाताच्या सुतळीचा गुंडा ठेवून पाहावा. फ्रँक स्टोबर या शेतकऱ्यानें १९५३ सालीं तो वळावयास घेतला, १९६१ सालीं गांवाला देऊन टाकला, आणि १९७४ सालीं तो वारला. गुंडा मात्र थांबला नाहीं. दर ऑगस्टमध्यें गांवकरी जमून त्यावर सुतळी गुंडाळतात. वाटसरूलाही आपला वेढा घालतां येतो. मिनेसोटांतील डार्विन येथें असाच दुसरा गुंडा आहे. एकट्या माणसानें वळलेला सर्वांत मोठा गुंडा अशी त्याची ख्याति आहे, आणि तो कांचेच्या घरांत सुरक्षित आहे. एकट्याच्या चिकाटीचें कौतुक करावें तितकें थोडें. पण तो पूर्ण झाला, आणि पूर्ण झाला म्हणून संपला.

कॉकर सिटीच्या सुतळीवर नांव लिहितां येत नाहीं. घातलेला वेढा पुढच्या वेढ्याखालीं झांकला जातो. तरी तो जागच्या जागीं राहून वरचा भार सोसतो. अमॅरिलोची कल्पना अधिक तल्लख असली, तरी आम्ही आमचें माप या गुंड्याच्याच पदरांत टाकूं. मेखला छातीवर बांधणें हास्यास्पद खरें. परंतु एका माणसाची विक्षिप्त हौस त्याच्यामागें सबंध गांव नेमानें चालवूं लागलें, म्हणजे हंसण्याचा अधिकार पाहुण्याकडे उरत नाहीं. त्यानें फार तर सुतळीचें टोंक हातीं घ्यावें.