आलेखाची विभक्ती

टॅब्लो हे सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडून, माहितीची फाइल जोडून आपण नव्या शीटवर येतो, तेव्हा समोर येणाऱ्या कोऱ्या पानापाशीच थोडे रेंगाळू या. डावीकडे फील्डची नावे एकाखाली एक उभी आहेत, काहींपुढे निळी खूण, काहींपुढे हिरवी. वर दोन अरुंद पट्ट्या, एक ‘कॉलम्स’ आणि दुसरी ‘रोज’. त्यांच्याखाली नुसती पांढरी मोकळीक, आणि फील्ड इथे आणून सोडा असे सुचवणारी फिकट अक्षरे. तुम्हाला कोणता आलेख हवा, असा प्रश्न इथे आधी कोणी विचारत नाही. ‘शो मी’ नावाचा कप्पा आयत्या आकृत्या पुढे करतो खरा, पण पहिल्या दिवशी तो मिटून ठेवावा, असे मी आग्रहाने म्हणेन. या पानाची गोडी आपल्या हाताने एकेक फील्ड उचलून आणण्यात आहे.

सरावासाठी ‘सुपरस्टोअर’ घेऊ. अमेरिकेतल्या एका काल्पनिक दुकानाच्या विक्रीच्या या सुमारे दहा हजार ओळींवर शिकणाऱ्यांच्या कितीतरी तुकड्यांनी हात बसवला आहे. ‘कॅटेगरी’ हे फील्ड उचलून ‘रोज’च्या पट्टीवर सोडले की ते कॅप्सूलसारख्या निळ्या पिलचे रूप घेते, आणि पानावर तीन नावे उमटतात: फर्निचर, ऑफिस सप्लाइज, टेक्नॉलॉजी. प्रत्येक नावाशेजारी मात्र ‘एबीसी’ ही तीन अक्षरे दिसतात. नवख्याला वाटते, काहीतरी चुकले. चुकलेले काही नसते. पंगत बसली आहे, पाने मांडली आहेत, वाढप तेवढे व्हायचे आहे, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ. मग ‘सेल्स’ची हिरवी पिल कॉलम्सवर येते, ती तीन अक्षरे अलगद नाहीशी होतात आणि त्यांच्या जागी तीन आडव्या पट्ट्या उगवतात. नावांनी जागा धरून ठेवली होती, आता परिमाण येऊन तिथे बसले.

आता खरा आस्वाद. तीच कॅटेगरीची पिल उचलून ‘कलर’ नावाच्या चौकटीवर ठेवू या. तीन पट्ट्या एकमेकींना जोडल्या जाऊन एकच सलग पट्टी होते आणि तिच्यात तीन रंगांचे तुकडे दिसू लागतात. माहिती तीच, आकडेही तेच, एका शब्दाचे स्थान तेवढे बदलले. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये, कारण ‘रामाने’, ‘रामाला’, ‘रामाचा’ म्हणताना राम तोच राहतो आणि वाक्यातले त्याचे नाते पालटते, हे आपण लहानपणापासून जिभेवर वागवत आलो आहोत. इथल्या पट्ट्या आणि रंग-आकाराच्या चौकटी म्हणजे फील्डला लागणारे विभक्तिप्रत्ययच! नाते पालटले की वाचनही पालटते. मघाच्या तीन पट्ट्या एकाच रेषेपासून निघत होत्या, म्हणून त्यांची लांबी डोळ्याला चटकन ताडता येत होती. आता मधला तुकडा कुठूनतरी सुरू होऊन कुठेतरी संपतो आणि डोळा अडखळतो. समान आधाररेषेवरचे स्थान आपण सर्वांत अचूक वाचतो, कोन आणि क्षेत्रफळ वाचताना फसतो, हे संख्याशास्त्रज्ञ क्लीव्हलंड आणि मॅकगिल यांनी 1984 साली प्रयोगांनी दाखवले. तो प्रयोग इथे आपल्या बोटाच्या एका हालचालीत पुन्हा घडतो.

हे व्याकरण आपसूक जमून आलेले नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस स्टोल्टे आणि पॅट हॅनरहन यांनी ‘पोलॅरिस’ या नावाची प्रणाली रचली, म्हणजे आपला ध्रुवतारा. पट्टीवर मांडलेल्या फील्डना त्यांनी बीजगणितातल्या पदावलीचे रूप दिले, त्यामुळे पिल सोडताक्षणी तिच्यातून चित्राची आखणीही ठरते आणि डेटाबेसला विचारायचा प्रश्नही तयार होतो. 2003 साली त्यातूनच टॅब्लो कंपनी उभी राहिली. हॅनरहन त्याआधी पिक्सार या ॲनिमेशन कंपनीत रेंडरमॅन या चित्रनिर्मितीच्या सॉफ्टवेअरच्या घडणीत होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. काल्पनिक वस्तूंवर प्रकाश कसा पडावा याचा ध्यास घेतलेला माणूस पुढे आकड्यांच्या रुक्ष तक्त्याकडे वळला.

आणखी एक बारकावा पाहू. कोऱ्या शीटवर सेल्स कॉलम्सवर आणि ‘प्रॉफिट’ ‘रोज’वर ठेवा. अपेक्षा असते ठिपक्यांच्या गर्दीची, आणि पानावर उमटतो एकच ठिपका. पिलवर ‘सम’ लिहिलेले आहे, म्हणजे बेरीज. न सांगताच सगळी रास एकत्र ओतून तिचे एकच माप घातले गेले आहे, जवळपास 23 लाख डॉलरची विक्री त्या एका टिंबात सामावली आहे. ‘सब-कॅटेगरी’ची पिल ‘डिटेल’ नावाच्या चौकटीवर सोडली की त्या टिंबाचे सतरा ठिपके होतात, आणि ॲनालिसिस मेनूतून बेरजेची खूण काढली की हजारो ठिपके आकाशगंगेसारखे पानभर विखुरतात. एकापासून अनेकांपर्यंतचा हा प्रवास दोन हालचालींचा, पण आपण कोणत्या उंचीवरून पाहत आहोत याचे भान त्यातून येते, आणि माझ्या मते पहिल्या दिवशी शिकण्याजोगे एवढे मौल्यवान दुसरे काही नाही.

शेवटी माझी लाडकी आकृती. सतरा उपप्रकारांच्या विक्रीच्या पट्ट्या उतरत्या क्रमाने लावायच्या आणि प्रॉफिट कलरवर सोडायचे. नफा निळा होतो, तोटा नारिंगी. लांबी एक गोष्ट सांगते, रंग दुसरी. मधल्याच लांबीची कॉपियर्सची पट्टी सर्वांत गर्द निळी, आणि वरून चौथी, चांगली ऐसपैस असलेली ‘टेबल्स’ची पट्टी नारिंगीने धगधगणारी. विक्री दोन लाख डॉलरच्या पुढे, तरी हाती 17 हजारांहून अधिक तोटा. आता ‘रीजन’ कॉलम्सवर ठेवू या. टेबल्सच्या ओळीत चार तुकडे पडतात, पूर्व, मध्य आणि दक्षिण नारिंगीच राहतात, आणि पश्चिमेचा तुकडा मात्र फिकट, जेमतेम निळसर उजळतो. टेबल तेच, दुकान तेच, मग पश्चिमेनेच असे काय केले? आपली नजर डावीकडच्या यादीत ‘डिस्काउंट’ शोधू लागते, आणि हात तिकडे निघालेलाच असतो.