फोनवर नसलेली पुस्तकं

मराठीतलं पहिलं वृत्तपत्र ‘दर्पण’ 1832 साली निघालं. रत्नागिरीचं वाचनालय त्याहूनही चार वर्षांनी थोरलं, 1828 चं. आजचं रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय ते हेच. 2028 मध्ये त्याला दोनशे वर्षं पूर्ण होतील. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं, आणि 2013 चं अखिल भारतीय साहित्य संमेलन चिपळुणात भरलं ते याच वाचनालयाच्या पुढाकाराने.

वाचनाची एवढी जुनी सवय असलेल्या जिल्ह्यातही ‘वाचक मोबाईलने पळवला’ ही हळहळ हमखास ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. ठरावीक वर्गणी भरून सगळे दिवाळी अंक आळीपाळीने घरी न्यायची योजना वाचनालयांत अजून चालते. ऐकायच्या पुस्तकांचं ॲप स्टोरीटेल 2017 मध्ये भारतात आलं, तेव्हापासून मराठी कादंबऱ्या कानांनीही वाचल्या जातात. लोकलच्या गर्दीत हेडफोन लावून कादंबरी ऐकणारा चाकरमानी वाचकच आहे. त्याला वाचकांतून वगळायचं कारण नाही.

खरी काळजी दुसरीच आहे. फोनवर येतं ते बहुतेक आधीच सगळीकडे मिळणारं. विश्वकोश संकेतस्थळावर आहे, साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, म्हणून पालगडच्या साने गुरुजींचं लेखन 2011 पासून मोकळं आहे. मुर्डीच्या श्री. ना. पेंडशांचं मात्र 2068 पर्यंत मोकळं होणार नाही. तरी पेंडशांची चिंता नको, त्यांना प्रकाशक आहे. चिंता आहे ती ज्यांना कुणीच वाली नाही त्यांची: गावच्या शाळेचा शताब्दी अंक, घराण्यांचे कुलवृत्तांत, संस्थांचे अहवाल, बंद पडलेल्या साप्ताहिकांच्या फायली. यांतल्या कित्येकांची एकच प्रत कुठल्याशा कपाटात उरलेली असते, आणि कोकणच्या दमट हवेत कसर आणि वाळवी त्या कपाटाची वाट बरोबर शोधून काढतात.

चिपळूणने याहून वाईट पाहिलं. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं आणि वाचन मंदिराची पुस्तकं चिखलात गेली. 2005 च्या पुराचा तडाखाही त्याने सोसला होता. भिजलेलं पुस्तक फुगतं, शिवण सुटते, बांधणीच्या कापडाचा रंग पानांवर उतरतो. गुळगुळीत कागदाची पानं तर अशी चिकटतात की सोडवायला गेलं की छपाईच निघून येते. दोन दिवसांत बुरशी धरते. कादंबरीची दुसरी प्रत विकत आणता येते. एकमेव असलेली फाईल गेली, की त्या गावाचा तेवढा काळच पुसला जातो.

तेव्हा जिल्ह्यातल्या वाचनालयांनी दुसऱ्यांची ई-पुस्तकं पुरवण्याआधी स्वतःजवळचं दुर्मीळ छापील साहित्य स्कॅन करावं. हे काम किचकट आहे. शंभर वर्षांचं पुस्तक काचेवर पालथं दाबलं तर पाठ मोडते; त्याला वरून कॅमेरा लावावा लागतो. जुन्या खिळ्यांच्या छपाईतली जोडाक्षरं संगणक चुकीची वाचतो, म्हणून माणसांची, गावांची नावं तरी हाताने टंकावी लागतात. नाहीतर हजारो पानांचे फोटो जमतात आणि शोधायला गेलं तर काही सापडत नाही.

पैशाचं काय? राज्याच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय करच नाही, सगळी मदार शासनाच्या अनुदानावर. 2022 मध्ये त्यात 60 टक्के वाढ जाहीर झाली, पण सेवकांचा पगार, वीजबिल आणि नवी खरेदी यांतच ते संपतं. अ, ब, क, ड असे वर्ग ठरवताना पुस्तकांची संख्या मोजली जाते. एकमेव प्रत जपणाऱ्याला तिथे वेगळं वजन मिळायला हवं.

रत्नागिरीत सुरुवात कुठून करावी, हे शोधायलाही नको. सावरकर 1924 ते 1937 इथे स्थानबद्ध होते. 1931 मध्ये पतितपावन मंदिर उभं राहिलं. त्या वर्षांतले सहभोजनांचे, मंदिरप्रवेशाचे वाद गावात कसे पेटले, कोण कुणाच्या बाजूने उभं राहिलं, हे ‘बलवंत’, ‘सत्यशोधक’ अशा स्थानिक साप्ताहिकांतूनच तारीखवार समजतं. ज्या कुणाकडे त्यांचे अंक उरले असतील, त्यांच्याकडून ते थोड्या दिवसांसाठी मागून आणावे, पानं स्कॅन करावी, अंक सुखरूप परत करावे. आणि हे नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांतच उरकावं. जूनमध्ये ते कागद उघडायचीही सोय नसते.