तीन चुकीच्या पर्यायांचे मोल

लातूरला बहिणीकडे गेलो, की भाचीच्या टेबलावरची पुस्तके चाळण्याची मला सवय आहे. ती बारावीत असून 'नीट'ची तयारी करते. यंदा हाती लागला तो भौतिकशास्त्राच्या बहुपर्यायी प्रश्नांचा एक जाडजूड संग्रह. प्रश्न पुष्कळ, छपाई स्वच्छ. शेवटी उत्तरसूची: १-ब, २-ड, ३-अ. काही प्रश्नांना 'स्पष्टीकरण' आहे, म्हणजे सूत्र आणि त्यात घातलेल्या किमती. उरलेले तीन पर्याय चूक का, आणि मुख्य म्हणजे ते एखाद्याला बरोबर का वाटतील, यावर साऱ्या पुस्तकात एक ओळही नाही.

एक प्रश्न घेऊ. चेंडू सरळ वर फेकला. हवेचा रोध सोडून द्या. सर्वोच्च बिंदूवर असताना त्याच्यावर कोणते बल कार्य करते? अ) कोणतेही नाही. ब) हाताने दिलेले, अजून शिल्लक असलेले, वरच्या दिशेचे बल. क) फक्त गुरुत्वीय बल, खालच्या दिशेने. ड) 'ब' मधील बल आणि गुरुत्वीय बल, एकमेकांना तोलणारी.

उत्तर 'क'. सूचीच्या दृष्टीने विषय संपला. पण 'अ' निवडणाऱ्या मुलाने वेग शून्य म्हणजे बलही शून्य अशी गल्लत केली आहे. 'ब' किंवा 'ड' निवडणारा मुलगा तर चौदाव्या शतकातल्या बुरिदाँच्या पंक्तीला बसतो. फेकणारा वस्तूत काही जोर भरतो आणि तोच तिला पुढे नेतो, असे त्या विद्वानाचेही मत होते. अशा चुकीला निष्काळजीपणा म्हणता येत नाही. ती एक समजूत आहे, आणि सूत्र पाठ केल्याने समजूत जात नाही.

अमेरिकेत हलौन आणि हेस्टिनीस यांनी १९८५ साली यांत्रिकीची एक बहुपर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. तिचे चुकीचे पर्याय त्यांनी मनाने रचले नव्हते. आधी विद्यार्थ्यांकडून उत्तरे लिहून घेतली आणि त्यांत वारंवार आढळलेल्या समजुतींचेच पर्याय केले. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी ती आपल्या वर्गाला दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, की उत्तरे तुम्ही शिकवलेत तशी लिहू की मला वाटते तशी? बहुपर्यायी प्रश्नाला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे मात्र चुकीचा पर्याय म्हणजे लवकर फेकून देण्याचा कचरा. याला गुणांचे गणितही कारण आहे. 'नीट'मध्ये बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ गुण वजा. डोळे मिटून चार प्रश्न सोडवले तर सरासरीने एक बरोबर, तीन चूक. म्हणजे १ गुण पदरात. दोन पर्याय कसेही बाद करता आले, तर दर दोन प्रश्नांमागे ३ गुण. मग क्लासात शिकवतात: एकक जुळत नाही, काढा, संख्या अवास्तव मोठी, काढा. ही युक्ती वाईट नाही. प्रयोगशाळेत आम्हीही तेच करतो. फरक इतकाच, की आम्हाला पुढे कारणही शोधावे लागते.

वर्गात याला फार सामग्री लागत नाही. उत्तर सांगण्याआधी फळ्यावर प्रत्येक पर्यायाखाली किती हात वर झाले ते लिहावे. 'ब'वाल्याला विचारावे, हाताचे ते बल संपते केव्हा? चेंडू खाली येताना ते कुठे असते? शेजारच्या 'क'वाल्याला त्याच्याशी वाद घालू द्यावा. सूची मग उघडावी.

भाचीबरोबर मी हे करून पाहिले. दहा प्रश्नांना सव्वा तास लागला. त्यांतल्या तीन प्रश्नांना तिने आधी बरोबर खूण केली होती, पण कारण सांगताना ती अडखळली, चिडली, मग हसली. "मामा, असं करत बसले तर पोर्शन कधी संपायचा?" २०२५ सालच्या परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते; तिचे म्हणणे खोडून काढणे मला जमले नाही. चार वाजता क्लासात सराव परीक्षा होती. ती सायकल काढून गेली.