पायऱ्या चढणारी रेघ

‘नेचर फोटॉनिक्स’मध्ये २०१४ साली टोबियास हेर, मिखाईल गोरोदेत्स्की, टोबियास किपेनबर्ग आणि सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध आला. विषय सूक्ष्म अनुनादकांतले सॉलिटॉन. त्यातली एक रेघ कवितेसारखी वाचण्याजोगी आहे.

अनुनादक म्हणजे इथे मॅग्नेशियम फ्लोराइडच्या स्फटिकाची चकती, काही मिलिमीटरची, आरशासारखी गुळगुळीत. लेझरचा प्रकाश तिच्या कडेकडेने हजारो फेऱ्या मारतो. लेझरची तरंगलांबी हळूहळू वाढवत न्यायची आणि चकती ओलांडून किती प्रकाश पुढे जातो ते टिपायचे. हीच ती रेघ.

आधी ती तिरकी घसरत जाते: चकती प्रकाश साठवते आहे. साठा वाढला की स्फटिकाचा अपवर्तनांकही हलतो. दोन फोटॉन विरतात, वेगळ्या रंगांचे दोन जन्मतात. समान अंतरावरच्या रंगांची फणी उगवते. दोन दात्यांमध्ये सुमारे ३५ अब्ज हर्ट्‌झ. दाते भरपूर, पण थरथरते. नुसता कल्लोळ.

मग रेघ वर वळते आणि इथेच तिचा खरा रस आहे. ती सरळ चढत नाही, पायऱ्या चढते. चकतीत आता प्रकाशाचे सुटे स्पंद फिरत असतात. आकार न मोडणारे हे सॉलिटॉन. अभियंता स्कॉट रसेलने १८३४ मध्ये एडिनबरोजवळच्या कालव्यात अशीच एकटी लाट पाहिली आणि घोड्यावरून तिचा पाठलाग केला. ती लाट अखेर विरली. या स्पंदांची झीज मात्र लेझर भरून काढत राहतो. रेघेची प्रत्येक पायरी म्हणजे चकतीतले स्पंद कमी झाल्याची नोंद. एरवी अखंड वाटणारा प्रकाश इथे पूर्णांकांत बोलतो.

पायऱ्या लागताच गोंगाट ओसरतो. तरी अनेक स्पंद असतील तर ते एकमेकांत मिसळून फणीची उंची खालीवर होते. शेवटच्या पायरीवर एकच उरतो आणि दात्यांची टोके एका नितळ कमानीत येतात. पण तिथे टिकणे अवघड: साठा घटला की चकती निवते आणि सूर हातून निसटतो. म्हणून लेझर नेमक्या वेगाने न्यावा लागतो.

पुढे, २०१६ साली, असे सॉलिटॉन सिलिकॉन नायट्राइडच्या चिपवरही मिळाले. दुर्बिणीच्या वर्णपटमापकापासून घड्याळांपर्यंत या फणीची कामे पुष्कळ. मला मात्र तिची थोरवी त्या शेवटच्या पायरीवर दिसते. जास्तीत जास्त प्रकाश कोंडला होता तेव्हा फणी गोंधळलेली होती. एकाखेरीज सारे स्पंद गळाले तेव्हा ती नीट झाली.