विलंबित माहिती आणि अपिलाची मुदत

गोंदिया हा तलावांचा व अरण्यांचा जिल्हा. त्याच जिल्ह्यात तिरोडा येथे ३,३०० मेगावॅट क्षमतेचे कोळशावरील वीजकेंद्र आहे. अशा ठिकाणी एखाद्या प्रकल्पाचा पाणी, हवा व वनभूमी यांवर काय परिणाम होईल, हे शासकीय कागदांतून जाणण्याचा हक्क २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाने नागरिकास दिला. परंतु हक्क असणे आणि तो वेळेवर उपयोगी पडणे या भिन्न गोष्टी होत.

२००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी किमान ३० दिवसांची सूचना आवश्यक आहे. माहिती अधिकाऱ्यासही उत्तरासाठी ३० दिवसच आहेत. म्हणजे मसुदा अहवालाबाहेरील एखादा कागद नियमानुसार वेळेत मिळूनही सुनावणीस निरुपयोगी ठरू शकतो.

मंजुरीनंतरची स्थिती अधिक बिकट आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण अधिनियम, २०१० च्या कलम १६ अन्वये आदेश कळल्यापासून ३० दिवसांत अपील करावे लागते; पुरेसे कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळतात, त्यापुढे नाही. उलट, माहितीच्या प्रथम अपिलाच्या निर्णयास ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात, आणि द्वितीय अपिलाच्या निर्णयास अधिनियमाने मुदतच घातलेली नाही. कागद हाती येईतो पुण्याच्या खंडपीठाचे दार बंद झालेले असते.

विलंबाबद्दल प्रतिदिनी २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. आयोग नुकसानभरपाईही देववू शकतो. तथापि दंडाने अधिकाऱ्यास शासन होते, गेलेली मुदत परत येत नाही.

पश्चिम घाटाविषयीच्या माधव गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्र शासनास सादर झाला. एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने व मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने आदेश दिल्यावरच तो प्रसिद्ध झाला. उपाय लाभला, पण सुमारे नऊ महिन्यांनी. प्रकल्पाच्या अपिलास एवढा अवधी मिळत नाही.

मुदतीमुळे प्रकल्पास निश्चितता लाभते, हे खरे. परंतु शासनाच्याच विलंबाचा भार नागरिकावर पडावा, हे न्याय्य नव्हे. यास्तव माहितीचा अर्ज प्रलंबित असतानाचा काळ अपिलाच्या मुदतीतून वगळणे आणि कलम ४ प्रमाणे असे कागद न मागताच प्रसिद्ध करणे, हेच खरे उपाय होत.