‘कर्करोगविरोधी’ : एका विशेषणाची चिकित्सा

वनस्पतींतील फिनॉलिक संयुगांचा मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशींवर काय परिणाम होतो, याविषयीचे संशोधन गेल्या काही दशकांत विपुल झाले असून त्याचे सार मराठी आरोग्यविषयक लेखनातून सामान्य वाचकापर्यंत पोहोचू लागले आहे. ही गोष्ट स्वागतार्ह होय. तथापि या लेखनाचा सारा भार बहुधा ‘कर्करोगविरोधी’ या एकाच विशेषणावर पडतो. आणि तो त्याला पेलत नाही.

या शब्दाची घडण पाहण्यासारखी आहे. समासात विभक्तीचा लोप होतो आणि विभक्तीबरोबर कारकसंबंधही दृष्टिआड होतात. विरोध कोणत्या द्रव्याने केला, कशाला केला, कोठे केला आणि किती मात्रेत केला, या चारही प्रश्नांची उत्तरे मूळ शोधनिबंधात असतात. समासात त्यांपैकी एकही उरत नाही. काचपात्रात वाढविलेल्या पेशी, प्रयोगातील उंदीर आणि रुग्णालयातील माणूस हे तिघेही ‘कर्करोग’ या एका पदात सामावले जातात. क्रियापदाचेही तसेच. ‘पेशींची वाढ रोखली’ हे घडलेल्या घटनेचे कथन होय. ‘वाढ रोखते’ असे म्हणताच ती घटना द्रव्याचा नित्यस्वभाव ठरते. कारण ‘सूर्य पूर्वेस उगवतो’ या वाक्याप्रमाणे मराठीत साधा वर्तमानकाळ त्रिकालाबाधित सत्यासाठीही योजला जातो.

कोकणाला जवळचे उदाहरण कोकमाचे. कोकणच्या बोलीत फळाला रातांबा, त्याच्या वाळविलेल्या सालीला आमसूल अशी वेगळी नावे आहेत. म्हणजे लोकभाषेने वस्तूचे भेद नीट राखलेले आहेत. शास्त्रीय म्हणविणारे लेखन मात्र त्या साऱ्यांना ‘कोकम’ म्हणून मोकळे होते. सालीचा आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा, तिचा लाल रंग अँथोसायनिनांचा, आणि ज्याच्यावर कर्करोगाच्या संदर्भात प्रयोग झाले ते गार्सिनॉल हे पिवळे, पाण्यात फारसे न विरघळणारे तिसरेच द्रव्य. तेव्हा गार्सिनॉलविषयीचे विधान सरबताच्या पेल्याला लावणे हा केवळ शैलीचा दोष नव्हे. तो अर्थाचा विपर्यास आहे.

प्रयोग काय सांगतात? २००० साली जपानी संशोधकांनी उंदरांच्या आहारात गार्सिनॉल मिसळले असता मोठ्या आतड्यातील कर्कपूर्व विकृती कमी झाल्याचे आढळले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गार्सिनॉलने मानवी कर्करोगपेशींची वाढ रोखली. परंतु आतड्याच्या कर्करोगरहित पेशींचीही रोखली, जरी कमी प्रमाणात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, एक मायक्रोमोलरहून कमी अशा सौम्य मात्रेत त्याच द्रव्याने वाढीस उत्तेजन दिले. मात्रेचा उल्लेख गाळला की विधान अपुरे राहते एवढेच नव्हे. ते उलटेही होऊ शकते.

हळदीतील कर्क्युमिनचा इतिहास याहून बोधप्रद आहे. ते रक्तात फार थोडे शोषले जाते. न शोषलेला अंश मात्र मोठ्या आतड्याशी प्रत्यक्ष संपर्कात येतो, म्हणून याच अवयवाविषयी आशा बाळगणे अवाजवी नव्हते. आतड्यात असंख्य मांसांकुर उत्पन्न करणाऱ्या एका आनुवंशिक विकाराच्या पाच रुग्णांना कर्क्युमिन व क्वेर्सेटिन दिले असता मांसांकुर घटल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. पुढे ४४ रुग्णांवर, निम्म्यांना निष्क्रिय गोळी देऊन, वर्षभर केलेल्या चाचणीत कर्क्युमिनने असा फरक पडल्याचे दिसले नाही. हा निष्कर्ष २०१८ साली प्रकाशित झाला. पहिला निष्कर्ष ‘कर्करोगविरोधी’ या शब्दात सहज मावतो. दुसऱ्याला त्या शब्दात जागाच नाही.

या चिकित्सेला शब्दच्छल म्हणता येणार नाही, कारण प्रश्न वाचकाच्या जिवाचा आहे. पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुकसारख्या गावी असे लेखन वाचणाऱ्यापाशी मूळ इंग्रजी निबंध नसतो. मराठी वाक्य हेच त्याचे प्रमाण. शौचावाटे रक्त जाऊ लागले की मूळव्याध समजून घरगुती उपाय करण्याकडे प्रवृत्ती असते. मोठ्या आतड्याचा कर्करोग लवकर ओळखला गेल्यास शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता मोठी असते. त्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची कर्करोगावरील उपचार व संशोधनाची संस्था आहे. एका विशेषणाच्या भरवशावर तिकडे जाणे सहा महिने लांबले, तर त्याचा हिशेब कोणत्या कोशात मांडावयाचा?

याच गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. संस्कृत न जाणणाऱ्या आपल्या आईसाठी गीता मराठीत यावी, या प्रेरणेतून त्यांनी ‘गीताई’ रचली. ज्याला मूळ वाचता येत नाही त्याच्यासाठी लिहिताना जबाबदारी वाढते, कमी होत नाही, हा बोध शास्त्रीय लेखनासही लागू पडतो. त्यासाठी नव्या परिभाषेची आवश्यकता नाही. ‘कोकमाच्या सालीतून वेगळ्या काढलेल्या गार्सिनॉलने, अमुक मात्रेत, काचपात्रातील कर्करोगपेशींची वाढ रोखली, माणसांत हे सिद्ध झालेले नाही’ हे वाक्य लांब आहे, पण शुद्ध मराठी आहे. कर्ता, करण, अधिकरण आणि काळ जागच्या जागी असले, म्हणजे विशेषणाची गरज बहुधा उरत नाही.