युंक्सचा नाद, सिमैथाचा आवाज

मोठ्या बटणाच्या दोन भोकांतून दोरा ओवायचा, टोकांना गाठ मारायची, पीळ द्यायचा आणि दोन्ही हातांनी दोरा ताणायचा, सैल सोडायचा, पुन्हा ताणायचा. बटण गरगरू लागते आणि गुणगुणते. हा खेळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी खेळलेला असेल. प्राचीन ग्रीकांकडे याच रचनेचे एक चाक होते. त्याला ते ‘युंक्स’ म्हणत. मात्र ते खेळण्यासाठी नव्हते. दूर गेलेल्या किंवा दाद न देणाऱ्या माणसाला आपल्या दारी ओढून आणण्यासाठी ते फिरवले जाई.

याच्या जोडीला दुसरे एक साधन येते, ‘रोंबोस’. दोरीच्या टोकाला बांधलेली चपटी पट्टी गोफणीसारखी डोक्याभोवती फिरवली की ती स्वतःभोवतीही फिरते आणि घुमणारा आवाज काढते. हे रोंबोस डायोनिससच्या गूढविधींतही होते. ए. एस. एफ. गो या अभ्यासकाने १९३४ साली एका लेखात या दोन साधनांची नावे आणि रचना वेगळ्या करून दाखवल्या. ते काम मोलाचे आहे. पण साधन कसे दिसत असे हे ठरवल्यानंतर एक प्रश्न उरतोच : प्रेमाच्या जादूला आवाज का लागतो? पुतळी, धागा, औषधी मुळी यांचे काम मुकाट्याने चालते. मग फिरणारे, गुणगुणणारे चाक कशासाठी?

युंक्स हे मुळात एका पक्ष्याचे नाव. सुतारपक्ष्याच्या कुळातला, मान जवळजवळ उलटी फिरवणारा, घाबरला की सापासारखा फूत्कारणारा हा छोटा पक्षी हिवाळ्यात महाराष्ट्रातही येतो. पिंडारने इ.स.पू. ४६२ मध्ये सायरिनीचा राजा आर्केसिलास याच्या रथशर्यतीतील विजयासाठी रचलेल्या स्तोत्रात हा पक्षी आणि चाक एकत्र येतात. अफ्रोडाइटी हा पक्षी चार आऱ्यांच्या चाकाला जखडून ऑलिंपसवरून आणते आणि जेसनला मंत्र शिकवते. हेतूही पिंडार स्पष्ट सांगतो : मेडियाच्या मनातला आईवडिलांविषयीचा आदर गळून पडावा आणि मन वळवणाऱ्या शक्तीच्या चाबकाने तिला हाकलता यावे. सॅरा आइल्स जॉन्स्टन यांनी १९९५ साली या स्तोत्रावर लिहिताना युंक्सच्या आवाजाकडे आणि वक्तृत्वाशी असलेल्या त्याच्या नात्याकडे लक्ष वेधले. ते महत्त्वाचे आहे. पिंडारच्या लेखी चाकाचा नाद आणि माणसाचे लाघवी बोलणे ही एकाच जातीची शस्त्रे आहेत.

हे नाते ग्रीकांना चांगलेच परिचित असावे. झेनोफनने सॉक्रेटिसच्या आठवणी लिहिताना थिओडोटी या रूपवतीशी झालेला त्याचा संवाद दिला आहे. माझे मित्र माझ्याभोवती जमतात ते वशीकरण, मंत्र आणि युंक्स यांच्याशिवाय का, असे सॉक्रेटिस गमतीने विचारतो. ती लगेच म्हणते, मग ते युंक्स मला उसने द्या, आधी तुमच्यावरच फिरवते. सॉक्रेटिसकडे अर्थातच चाक नव्हते. त्याच्याकडे बोलणे होते.

आता थिऑक्रिटसची दुसरी ‘इडिल’ पाहू. इ.स.पू. तिसऱ्या शतकातील ही १६६ ओळींची कविता. सिमैथा ही तरुणी दासी थेस्टिलिसला हाताशी घेऊन रात्री विधी मांडते. डेल्फिस कित्येक दिवस फिरकलेला नाही. ती जव, तेजपान, कोंडा आणि मेण अग्नीत टाकते, त्याच्या वस्त्राची दशी कुस्करून जाळते. काशाचे रोंबोस फिरते. गावातली कुत्री भुंकू लागतात, म्हणजे हेकाटी चौकात आली. लगेच काशाचा नाद करायची आज्ञा होते. या सगळ्यातून एक धृपद दहा वेळा येते. ते युंक्सला उद्देशून आहे : त्या माणसाला माझ्या घरी ओढून आण.

या कवितेची चर्चा बहुधा ‘जादू लागू पडली का?’ या प्रश्नाभोवती फिरते. पडल्याचे कुठेच दिसत नाही. म्हणून कोणाला सिमैथा दयनीय वाटते, कोणाला हास्यास्पद. मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. कविता आवाजाने भरलेली आहे. तेव्हा त्यात कोणाचा आवाज कधी उठतो आणि कधी बंद पडतो, हे पाहिले पाहिजे.

विधीच्या मध्यावर समुद्र शांत होतो, वारे शांत होतात. सिमैथाच्या छातीतले दुःख मात्र गप्प बसत नाही. मग थेस्टिलिसला डेल्फिसच्या उंबऱ्याकडे पाठवले जाते. सिमैथा एकटी उरते, आणि इथेच युंक्सचे धृपद थांबते. त्याच्या जागी नवे धृपद येते. ते चंद्रदेवता सेलिनीला उद्देशून आहे : माझे हे प्रेम कुठून आले ते ऐक. ते बारा वेळा येते. पहिले धृपद ‘आण’ म्हणते, दुसरे ‘ऐक’ म्हणते. पहिल्यात चाक काम करते, दुसऱ्यात बाई बोलते.

ती सांगते काय, हेही पाहावे. डेल्फिस पहिल्यांदा घरात आला तेव्हा तिची वाचा बसली होती. झोपेत आईला हाक मारणाऱ्या तान्ह्याइतकाही शब्द फुटला नाही. बोलला तो, आणि भरपूर गोड बोलला. त्या रात्री मन वळवणारा नाद त्याच्याकडे होता. आता तेच भाषण तिच्या तोंडून येते आणि तिचे धृपद त्याला चार वेळा मध्येच तोडते. ज्या बोलण्याने तिला गप्प केले, ते आता तिच्या लयीत चालते.

हे साधन तिच्या हाती असणेही साधे नाही. ख्रिस्तोफर फॅरोन यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की माणसाला घरातून खेचून आणणारे मंत्र बहुतांशी पुरुष स्त्रियांवर वापरत. बायकांकडे असत ते नवऱ्याची माया टिकवण्याचे उपाय. पिंडारच्या गोष्टीतही चाक जेसनच्याच हाती आहे. सिमैथा पुरुषी हत्यार उचलते.

तुलनेसाठी व्हर्जिलचे आठवे गोपगीत घ्यावे. तिथेही एक बाई डाफ्निसला परत आणण्यासाठी विधी करते. पण व्हर्जिलने धृपदातून युंक्स काढून टाकले आणि त्या जागी ‘गीते’ घातली : गीतांनो, त्याला शहरातून घरी आणा. चाकाचे काम कविता करते, ही सूचना देखणी आहे. शेवटी उंबऱ्याशी कुत्रे भुंकते, धृपद बदलते, डाफ्निस आल्यासारखा वाटतो. जादू यशस्वी. मात्र या बाईला स्वतःची कहाणी सांगायला जागा मिळत नाही, आणि तिचे शब्दही एक मेंढपाळ गाऊन दाखवत असतो. व्हर्जिलच्या बाईला प्रियकर मिळतो. थिऑक्रिटसच्या बाईला कहाणी मिळते.

यावर रास्त आक्षेप येईल : सिमैथालाही पुरुषानेच लिहिले आहे, तिचा ‘आवाज’ म्हणजे कवीचेच चाक नव्हे काय? आक्षेप खरा आहे. तिला साध्वी ठरवण्याचेही कारण नाही. डेल्फिस आला नाही तर विष वापरण्याची धमकी ती शेवटी देतेच. तरीही कवीने एक गोष्ट केली आहे. मीलनाचा प्रसंग आणि फसवणुकीची बातमी सांगताना त्याने तिच्या बोलण्यात एकही धृपद येऊ दिलेले नाही. त्या तीसेक ओळींत ना युंक्सचे धृपद आहे, ना सेलिनीचे. कसल्याही ठेक्याविना ती सलग बोलते.

मग ती चंद्राला निरोप देते. आजवर सोसले तसेच यापुढेही सोसेन, असे सांगते. दारावर थाप पडलेली नाही. चाक केव्हाच थांबले आहे. ते थांबल्यानंतरच आपण तिला नीट ऐकले.